मुक्या ट्रॉलीचे दुखणे

संत्र्यांचा आंबिया बहार उतरू लागला म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. बागेतून पांदणीवर, पांदणीतून सडकेवर आणि सडकेवरून मंडीकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते. प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीस एक ट्रॉली असते. तीत कधी संत्री असतात, कधी कापूस, कधी शेणखत, कधी विटा. आणि हे लिहिताना मन कचरते, पण कधी कधी घरची माणसेही असतात. २०२३ साली हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. जिल्हा नवा झाला, परंतु ट्रॉल्या जुन्याच राहिल्या. वडिलांनी घेतलेली ट्रॉली आज मुलगा ओढीत आहे, ही गोष्ट आपल्या खेड्यांत मुळीच नवलाची नाही.

ट्रॅक्टरची काळजी घ्यावी लागते, हे कोणास सांगावे लागत नाही. त्यास इंजिन आहे, तासांचा काटा आहे, कंपनीची वही आहे. अमुक तास झाले की तेल बदलावे, तमुक तास झाले की गाळणी बदलावी, असे त्या वहीत लिहिलेले असते. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी घरधनी रात्री झोपत नाही. ट्रॉलीचे तसे नाही. ती पुष्कळदा गावाशेजारच्याच एखाद्या वेल्डिंगच्या कारखान्यात तयार झालेली असते. तिच्यासोबत वही येत नाही. तिला इंजिन नाही, म्हणून ते यंत्र आहे असेच कोणी मानीत नाही. पावसाळ्याचे चार महिने ती गोठ्यामागे चिखलात उभी असते, तिच्यात पाणी साचते, कोंबड्या तिच्यावर बसतात. आणि दसरा झाला की तिला जोडून आपण थेट सडकेला लागतो. वस्तुतः सगळा भार वाहते ती हीच. ट्रॅक्टर केवळ ओढतो.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीची गोष्ट निराळी होती. तिच्या लाकडी चाकाच्या तुंब्यात लोखंडी आस फिरे, आणि तेथे तेलात भिजविलेल्या चिंध्यांचे वंगण घालावे लागे. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. वंगण सुकले की चाक करकरू लागे, आणि ती करकर अर्ध्या गावास ऐकू जाई. लोक हसत. मग लाजेने का होईना, गाडीवान खाली उतरून, खीळ काढून वंगण घालीत असे. सारांश, गाडी आपले दुखणे स्वतः बोलून दाखवीत असे. ट्रॉलीच्या चाकात बेअरिंग आहे. ते पोलादी डब्यात बंद असते. त्यातले ग्रीस सुकले, त्यात पाणी शिरले, तरी पुष्कळ दिवस ते तक्रार करीत नाही. आणि ज्या दिवशी तक्रार करते, त्या दिवशी बहुधा चाकच निखळलेले असते.

हे बेअरिंग आले कोठून, हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत सेंट लुईस शहरी हेन्री टिमकेन नावाचा एक गाड्या बांधणारा कारागीर होता. घोडागाडी वळण घेते तेव्हा चाकावर आडवा जोर येतो आणि साधे बेअरिंग त्यापुढे टिकत नाही, हे त्याच्या ध्यानी आले. १८९८ साली त्याने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. रूळ एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक असल्यामुळे ते वरचा भारही झेलतात आणि बाजूचा रेटाही झेलतात. आपल्या ट्रॉलीच्या चाकात सामान्यतः अशीच दोन बेअरिंगे असतात. आतले मोठे, बाहेरचे लहान, आणि दोहोंची तोंडे परस्परविरुद्ध. म्हणजे ज्या वस्तूस आपण ट्रॅक्टरच्या युगाची समजतो, ती मुळात एका गाडीवाल्याच्याच डोक्यातून निघालेली आहे.

मिस्त्रीकडे ट्रॉली नेली म्हणजे तो पहिला प्रश्न करतो, "भाऊ, ग्रीस केव्हा भरले होते?" आणि पुष्कळदा उत्तर मिळते, "मिस्त्री, घेतली तेव्हा भरलेलेच आले असेल ना!" ह्या उत्तरास हसू नये. परंतु हे काम घरच्या घरी करता येते, आणि त्यास फार वेळ लागत नाही. वर्षातून एकदा, शक्य तर मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी ते करावे. ट्रॉली रिकामी करून सपाट जागी घ्यावी. ती ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्यावी आणि दुसऱ्या चाकास पुढून व मागून दगड लावावे. मग आसाखाली जॅक लावून चाक उचलावे. आणि लगेच आसाखाली जाड लाकडी ठोकळा सारावा, कारण केवळ जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली हात घालणे हे वेड्याचे काम होय. आता चाकास एक हात वर व एक हात खाली धरून हलवून पाहावे. खडखड झाली तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजले आहे. चाक हाताने गरगर फिरवून कान द्यावा. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर आत कचरा किंवा गंज आहे.

मग टोपण काढावे, स्प्लिट पिन काढावी, नट सोडावा आणि हब बाहेर ओढावा. बेअरिंगे राकेलात किंवा डिझेलात स्वच्छ धुवावी, कापडाने पुसावी, आणि उन्हात धरून पाहावी. रुळावर खड्डे दिसले, पोलाद निळसर झाले असले, तर ते तापून खराब झाले, असे समजावे; त्यास पुन्हा चाकात घालू नये. बेअरिंग नवे घातले तर त्याची हबमधील बाहेरची कडीही नवीच घालावी. जुन्या कडीवर नवा रूळ चालवला तर दोन्ही लवकर जातात. चांगली बेअरिंगे असल्यास तळहातावर ग्रीस घेऊन, रुळारुळांच्या मधल्या फटीत ते दाबून भरावे. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नये. जास्त ग्रीस घातले म्हणजे जास्त चांगले, हा आपला तुपाचा न्याय येथे लागू पडत नाही; कोंडलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सील फोडून बाहेर येते. पोकळीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मी, एवढे पुरे. जुन्या ग्रीसवर निराळ्या जातीचे ग्रीस भरू नये, कारण काही जाती एकत्र येताच पातळ होऊन वाहू लागतात. आतल्या बाजूचे रबरी सील दर वेळी नवे घालावे. त्यास लागणारा पैसा हबच्या किमतीपुढे काहीच नव्हे, पण पावसाचे पाणी व पांदणीतला चिखल अडवितो तो तेवढाच.

शेवटी नट आवळताना चाक फिरवीत राहावे. चाक जड फिरू लागले की थांबावे आणि नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा, म्हणजे स्प्लिट पिनीचे भोक समोर येते. फार आवळलेले बेअरिंग जळते, सैल ठेवलेले आपटून फुटते. पिन नवीच घालावी. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा वाकवून घालण्याची चाल सर्वत्र आहे, आणि सडकेवर चाक निसटण्याचे एक मोठे कारण हेच. काम झाल्यावर ५-६ किलोमीटर ट्रॉली चालवून हबास हाताची पालथी बाजू लावून पाहावी. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडावे. ही पालथ्या हाताची परीक्षा नंतरही सोडू नये. मंडीत पोहोचल्यावर चहा घेण्यापूर्वी चारही हबांस हात लावण्याची सवय ज्यास लागली, त्याची ट्रॉली रस्त्यात क्वचितच बसते.

चाकानंतर कमानीकडे वळावे. सर्वच ट्रॉल्यांस कमानी नसतात; ज्यांस असतात त्यांचे पाटे एकावर एक बसवून मधोमध बोल्टाने आणि दोन बाजूंस यू-बोल्टांनी आवळलेले असतात. पाटा फुटतो तो बहुधा मधल्या भोकाजवळ, आणि तो फुटतो यू-बोल्ट सैल राहिल्यामुळे. म्हणून नव्याने बसविलेली कमान एकदोन खेपा भार घेऊन आली की यू-बोल्ट पुन्हा आवळलेच पाहिजेत. फुटलेला पाटा वेल्डिंगने जोडण्याचा मोह आवरावा. कमानीच्या पोलादास विशिष्ट रीतीने तापवून व थंड करून लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जागीच नाहीसा होतो, आणि जोडाशेजारीच पाटा पुन्हा मोडतो. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. हे कमानीचे पोलाद सिलिकॉन व मँगनीज घालून केलेले असते. भूशास्त्रज्ञांनी ज्या खडकांस 'सौंसर समूह' असे नाव दिले आहे, त्या खडकांत मँगनीज विपुल आहे, आणि त्याच्या खाणी सौंसरच्या परिसरात आहेत. आपल्या ट्रॉलीचा भार पेलणाऱ्या पोलादास ज्याने बळ येते, ते द्रव्य आपल्याच पायांखालच्या मातीतले आहे.

आता दांडी आणि हूक. माझ्या मते साऱ्या ट्रॉलीत सर्वांत धोक्याची जागा हीच, आणि सर्वांत दुर्लक्षिलेलीही हीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकण्याची रीत आहे. वर्षभर जू वाहून ज्या खांद्यास घट्टे पडले, त्यास त्या दिवशी हळद व तूप लावून चोळतात. ट्रॉलीचे जू म्हणजे तिच्या दांडीचे कडे व त्यातून जाणारी पिन. खेपेखेपेस ते एकमेकांवर घासते. गोल भोक लांबट होते, पिन मधोमध बारीक होते. मग ट्रॅक्टर थांबला, निघाला, की मागून दणका बसतो. आणि तो दणका केवळ चालकाच्या पाठीस लागत नाही, तर कड्याच्या वेल्डिंगसही लागतो. ज्या दिवशी ते वेल्डिंग सुटते त्या दिवशी भरलेली ट्रॉली मोकळी होते. चढावर असेल तर ती मागे जाते, उतारावर असेल तर पुढे येते.

कड्याचे भोक लांबट झाल्यास त्यात लोखंडी पट्टी ठोकून वेळ मारून नेऊ नये. नवे कडे बसवून घ्यावे किंवा भोक मोठे करून त्यात पोलादी बुश घालावे. पिन योग्य जाडीची असावी आणि तिच्या खालच्या टोकास क्लिप असावी. घरातली सळई कापून पिन म्हणून वापरणे सर्वथा वर्ज्य. सळई मऊ असते, वाकते, आणि वर उडून निघून जाते. ह्याशिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी बांधलेली असावी. पिन निघाली तरी साखळी दांडीस जमिनीत रुतू देत नाही.

वेल्डिंगला तडा गेला आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांच्या आसांची परीक्षा ह्याच रीतीने होत असे. संशयास्पद जागा तारेच्या ब्रशने घासून रंग व गंज काढावा. तेथे राकेल ओतून पाव तास थांबावे. मग ते कापडाने अगदी कोरडे पुसून त्यावर मुलांच्या खडूची भुकटी पसरावी. तडा असेल तर त्यात लपलेले राकेल हळूहळू वर येते, आणि पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ उमटते. ह्यास ना यंत्र लागते, ना पैसा. दांडीचा जोड, कड्याचा जोड, आसाच्या दोन बाजूंचे जोड आणि चारचाकी ट्रॉली असल्यास पुढील वळत्या चक्राखालचे जोड, एवढे वर्षातून एकदा असे तपासून पाहावे. रंग मारलेल्या जागी तांबूस रेघ दिसली तर ती गंजाची म्हणून सोडून देऊ नये, कारण तड्यातूनच गंज अशी रेघ काढतो.

तडा सापडला तर वेल्डरकडे जावे; पण त्याच्यापाशी उभे राहावे. रंगावर व गंजावर केलेले वेल्डिंग वरून चकचकीत दिसते आणि आतून धरीत नाही. तड्याच्या टोकास आधी लहानसे भोक पाडून घेतले म्हणजे तो पुढे सरकत नाही. वेल्डिंगची दुसरी तार, जिला 'अर्थ' म्हणतात, ती कामाच्या जागेजवळच लावण्यास सांगावे. ती दूर चाकास लावली तर वीज बेअरिंगांतून वाहते आणि त्यांच्या रुळांवर सूक्ष्म डाग पाडते. दोन महिन्यांनी बेअरिंग वाजू लागते, आणि दोष कशाचा ते कोणासही उमगत नाही. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी सोडवावी, अथवा बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्या.

पत्र्याविषयी व रंगाविषयी थोडक्यात सांगतो. शेणखत, रासायनिक खत आणि कुजलेली संत्री ही तिन्ही लोखंड खातात. खेप झाल्यावर ट्रॉली झाडून धुवावी, तळाच्या कोपऱ्यांत पाणी निघण्यास भोके ठेवावी, आणि ती कचऱ्याने बुजू देऊ नयेत. गंज घासून आधी रेड ऑक्साइड व मग वरचा रंग असे दोन हात द्यावे. पावसाळ्यात ट्रॉली उभी करावयाची तर आसाखाली ठोकळे देऊन टायर जमिनीपासून किंचित वर ठेवावे आणि उन्हाकडील बाजूस पोते टाकावे.

टायरवर एका बाजूस चार आकडे कोरलेले असतात, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. जुना टायर घेताना नक्षीपेक्षा हे आकडे आधी पाहावे. नक्षी कोरून नवी करता येते, वय करता येत नाही. कुशीवर बारीक भेगा दिसल्या तर तो टायर भरलेल्या ट्रॉलीस लावू नये. हवा किती भरावी ते कुशीवरच लिहिलेले असते. आणि ज्या चाकास लोखंडी कडी बसवून टायर धरलेला असतो, त्यात हवा भरताना कडीसमोर उभे राहू नये, मुलांस तर जवळही येऊ देऊ नये. ती कडी सुटली म्हणजे तोफेच्या गोळ्यासारखी उडते.

भार कसा रचावा, ह्यातही शहाणपण आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीत काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. माल सगळा मागे रचला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. सगळा पुढे रचला तर ट्रॅक्टरचे नाक हलके होते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून जड माल आसाच्या किंचित पुढे असावा. कापसासारखा हलका माल उंच रचला जातो, आणि तोच वळणावर ट्रॉली कलंडवितो.

आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेक नसतो. सर्व वजन थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. अशा रस्त्याचा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नये, आणि दोन ब्रेक पेडल एकमेकांस जोडणारी कडी लावलेली आहे ना, ते पाहावे. शेतात वळण्यासाठी ती कडी काढलेली असते आणि सडकेवर लावायची राहून जाते. मग एकाच बाजूचा ब्रेक लागतो, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि ट्रॉली त्यास ढकलीत जाते.

रात्रीचे वेगळेच. पांढुर्ण्याजवळून नागपूर-भोपाळ महामार्ग जातो. त्यावर मोटारी ज्या वेगाने येतात, त्या वेगास काळी, मातकट, दिवे नसलेली ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. मागील फाळक्यावर तांबडी व बाजूंस पिवळी रेडियमची पट्टी लावावी, आणि कापसाचे गाठोडे किंवा कडब्याची पेंढी त्यावर लोंबू देऊ नये. पंक्चर झाल्यास ट्रॉली सडकेच्या खाली घ्यावी. चाकास लावलेले दगड निघताना उचलावे. सडकेवर राहून गेलेल्या त्या दगडावर मागून येणारा मोटारसायकलवाला आदळतो, आणि तो आपल्याच गावचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली, ती. २ जून २०२४ च्या रात्री आपल्याच राज्यात राजगड जिल्ह्यातील पिपलोदी गावाजवळ राजस्थानातून आलेल्या वऱ्हाडाची ट्रॉली उलटली. १३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले होती. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव येथे शेतकामास निघालेल्या बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. ७ बायका दगावल्या. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, खंडवा जिल्ह्यात मूर्तिविसर्जनास निघालेली ट्रॉली तलावात गेली आणि ११ जणांचा अंत झाला. सकाळी ही सारी माणसे आपल्यासारखीच घरून निघाली होती.

ट्रॉलीस बाक नाही, छप्पर नाही, धरावयास दांडा नाही. माणसे उभी राहिली म्हणजे भार उंच होतो, आणि संत्र्यांची पेटी जशी जागच्या जागी राहते तशी माणसे राहत नाहीत. वळणावर सगळीच एका अंगास झुकतात. जी ट्रॉली तीन टन मातीखाली स्थिर असते, तीच चाळीस माणसांखाली डगमगते. त्यातून जुन्या दांडीचा दणका बसला तर कडेला बसलेले मूल आधी उडते. कायद्यानेही ट्रॉली मालासाठीच आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवरून जाताना जखमी झालेल्या एका मजुराचा दावा आला होता. विमा ट्रॅक्टरचा शेतीच्या कामापुरता होता. अशा मजुराच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. तो मनुष्य गरीब, म्हणून कंपनीने रक्कम आधी द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे अखेरीस भार आला तो मालकावरच. संत्रे तोडावयास येणाऱ्या मजूर बायकांना ट्रॉलीत बसवून आणणाऱ्या प्रत्येक बागवानाने हा निकाल ध्यानात ठेवावा. आणि त्या बायकांनीही, गाडी नसल्यास, "भाऊ, आम्ही पायी येतो, उशीर झाला तर होऊ द्या," असे म्हणण्यास संकोच करू नये.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, की खेड्यात बस वेळेवर नाही, टेम्पोचे भाडे परवडत नाही, मग लग्नास जावे कसे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर ग्रीसच्या डब्यात नाही. चार घरांनी मिळून एक गाडी ठरविणे महाग वाटते. तथापि ज्या घरांनी वर सांगितलेल्या ठिकाणी आपली माणसे गमावली, त्यांस ते भाडे आज कोणी विचारू नये.

राहता राहिली अगदीच जीर्ण झालेली ट्रॉली. चासीचे दोन लांब गर्डर वाकले असतील, आस मधोमध झुकून चाके खाली फाकली असतील, पत्रा बोटाने दाबला तर आत जात असेल, तर तिच्यावर आणखी पैसा घालू नये. तिला सडकेवरून उतरवून शेतातल्या शेतात खत वाहण्यास ठेवावे, तेही हलक्या भारासाठी. किंवा कापून भंगारात द्यावे. तिचे हब व आस दुसऱ्या ट्रॉलीस लावण्याचा विचार असेल, तर आधी राकेल व खडूने आस तपासावा, विशेषतः बेअरिंग बसते तेथील खांद्याजवळ. तेथे ओली रेघ उमटली तर तो आस भंगाराच्याच ढिगात टाकावा. वजनावर त्याचे चांगले पैसे येतात.